भोगीची भाजी आणि चित्तीचा पाऊस

नवरात्राचे घट बसायच्या सुमाराला कुणी भोगीच्या भाजीबद्दल लिहायला लागलं, तर बाईंचं कॅलेंडर चुकलं की काय असं वाटेल. पण ज्यांच्या परड्यात चार वाफे आहेत, त्यांना हे ठाऊक आहे. जानेवारीतल्या त्या भाजीत काय पडणार आणि काय नाही, हे सप्टेंबरच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच ठरून जातं. पुढे उरतं ते पाणी घालणं आणि वाट बघणं.

बाजार आहेच, आणि बाजाराला मी नावं ठेवणार नाही. भोगीच्या आदल्या दिवशी आपल्याकडे पावटा, वाटाणा, सोलाणे, गाजर, वांगी, कांद्याची पात असे वाटेच्या वाटे मांडलेले असतात. नोकरी करणाऱ्या बायकांचा त्यावर किती भार हलका होतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. तरीही आमच्या घरात एक वाटी पावटा परड्यातलाच असला पाहिजे, असा शिरस्ता होता. तो २०२३ साली माझ्या हातून मोडला. त्याची ही हकिगत.

आमच्या अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, बैलहोंगल तालुक्यातल्या. काळ्या रानातल्या. मी शहापूरची. लग्न होऊन आले तेव्हा मला कन्नड बाजारापुरतं येत होतं आणि त्यांना मराठी शेजारणीपुरतं. आमची खरी बोलाचाली सुरू झाली ती घरामागच्या दीड गुंठ्यात. त्याला मी परडं म्हणत असे, त्या हित्तल. लग्नाआधी त्यांच्या माहेराहून आलेला एक पत्र्याचा डबा तेव्हाही फडताळात होता आणि आजही आहे. त्यात राखेत घोळलेलं पावट्याचं बी असे. बी तांबूस, अंगानं थोडं चपटं आणि डोळ्याशी पांढरी रेघ. त्यांच्या माहेरची जमीन पुढे विकली गेली. भाऊ धारवाडला स्थायिक झाले. त्या रानातलं म्हणावं असं जे उरलं, ते या डब्यात.

दरवर्षी पेरणी अत्ती करत. मी कॉलेजातून येऊन पाणी घालणारी, तण काढणारी, फार तर वेलाला काठी देणारी. २०२३ च्या पावसाळ्यात त्या मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया, मग तीन महिने अंथरूण. परड्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दसऱ्याला मात्र मला आठवण झाली. आमच्या माहेरी आईचा नियम होता, सोनं वाटून आलं की त्या संध्याकाळी वाफ्यात बी टाकायचं. लहानपणापासून बघितलेलं. मी मोठ्या उत्साहानं डबा काढला, पावटा टोकला, हरभरा टाकला, गाजराच्या ओळी ओढल्या, नर्सरीतून वांग्याची रोपं आणून लावली. अत्तींना खोलीत जाऊन सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "आता? बरं." त्या 'बरं'चा अर्थ कळायला मला जानेवारी उजाडला.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. त्यामुळे दसरा आला २४ ऑक्टोबरला. भोगी १४ जानेवारीला. मध्ये ८२ दिवस. आता २०२५ चा दसरा बघा, २ ऑक्टोबरचा. तिथून १३ जानेवारीच्या भोगीपर्यंत १०३ दिवस होतात. म्हणजे दसऱ्याचा मुहूर्त तोच, सोनं तेच, आणि हातात येणारे दिवस तीन आठवड्यांनी कमी-जास्त. दसरा चंद्राच्या तिथीवर चालतो. अधिक महिना आला की तो पुढे सरकतो. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारी सोडून हलत नाही. दोन वेगळ्या घड्याळांची सांगड घालून मी पेरणी केली होती आणि आईचा नियम अमुक वर्षीच का जमत असे, याचा विचार कधी केला नव्हता. (एम. ए. होऊन काय उपयोग, हे आमच्या लेकीचं त्या वेळचं मत.)

भोगीच्या सकाळी टोपली घेऊन परड्यात गेले. गाजरं करंगळीएवढी. वांग्याला फुलं आणि दोन सुपारीएवढी फळं. हरभऱ्याला घाटे धरलेले, पण दाबून बघितलं तर आत पाणी. पावटा गुडघ्याएवढा होऊन फुलला होता आणि शेंगा होत्या त्या कागदासारख्या चपट्या, दाण्याचा पत्ता नाही. हाती आली ती मेथी आणि कोथिंबीर. त्यातही त्या वर्षी एळ्ळ अमावास्या ११ जानेवारीला, भोगीच्या तीनच दिवस आधी. दोन्ही सण एकाच रिकाम्या वाफ्यावर येऊन पडले. एण्णगायीची वांगीही विकतची आणि भोगीचा पावटाही विकतचा.

अत्ती तेव्हा वॉकर धरून चालू लागल्या होत्या. मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि वाफ्याकडे बघत म्हणाल्या, "दसरा तुमचा मागंपुढं होतोय यव्वा. मळी होत न्हाई."

मळी म्हणजे पाऊस, पण इथे नक्षत्राचा पाऊस. हस्त, चित्ती, स्वाती, विशाखी. आपल्याकडे मराठीत हत्तीचा पाऊस, चित्रेचा, स्वातीचा म्हणतात तेच. ही नक्षत्रं चंद्राची नव्हेत, सूर्य त्या नक्षत्रात कधी जातो त्यावर धरलेली. म्हणून त्यांच्या तारखा दरवर्षी जवळजवळ ठरलेल्या, एखाद्या दिवसाचा फरक. हस्त लागतो २७ सप्टेंबरच्या आसपास, चित्रा १० किंवा ११ ऑक्टोबरला, स्वाती २४ ला, विशाखा ६-७ नोव्हेंबरला. अत्तींच्या वडिलांकडे पंचांग वाचणारं कुणी नव्हतं, पण मळी सगळ्यांना पाठ होती. अवरी हस्तात, कडली चित्तीत, फार उशीर झाला तर स्वातीच्या तोंडाला. सणाची तिथी कुठेही जावो.

आणि गंमत म्हणजे हे ज्ञान माझ्याही माहेरी होतं, फक्त मी ते बियाण्याशी कधी जोडलं नव्हतं. आमचा हादगा! पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा तो मूळचा सूर्य हस्तात गेल्यापासून सोळा दिवस. आता शाळांतून आणि मंडळांतून तो नवरात्रात उरकतात, म्हणून आपल्याला तो देवीचा खेळ वाटतो. शहापुरात आमच्या गल्लीत खिरापत ओळखायची धांदल चालायची, तेव्हा पलीकडच्या परड्यात म्हाताऱ्या बायका पावटा टोकत असत. दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी बघितल्या आहेत. एकीचा दुसरीशी संबंध आहे, हे कळायला सासर कानडी मिळावं लागलं.

पावट्याचं तर याहून पुढचं आहे. अत्ती म्हणतात, "अवरी होत्त नोडतैती." कन्नडमध्ये होत्त म्हणजे वेळ आणि होत्त म्हणजे सूर्यही. होत्त मुळुगितु म्हणजे दिवस मावळला. अवरी होत्त बघते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं. आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, हे शब्दशः खरं आहे. जुन्या वाणाचा पावटा दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलतो. २३ सप्टेंबरच्या पुढे आपल्याकडे रात्र दिवसापेक्षा मोठी होत जाते. ही वाढती रात्र त्याला फुलायची खूण. तुम्ही तो आषाढात लावा की आश्विनात, फुलायचा हंगाम थंडीचाच. आषाढात लावलेला मांडवभर पसरून मग फुलतो. उशिरा लावलेल्याला अंग धरायला सवड मिळत नाही. खूण मिळाली की तो आहे त्या उंचीवर फुलायला लागतो. माझा पावटा गुडघ्याएवढा असताना का फुलला, त्याचं कारण हे.

बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं हेब्बाळ अवरे नावाचे जे वाण काढले, त्यातल्या एचए-३ आणि एचए-४ या वाणांना दिवसाच्या लांबीचं बंधन नाही. बाजारात आता बिगरहंगामी पावटा दिसतो त्याची वाट अशा वाणांनी मोकळी केली. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण तुमच्याकडे आजी-पणजीच्या डब्यातलं बी असेल, तर ते सूर्याकडे बघणारं असण्याचा संभव जास्त. त्याला पाकिटावरचा नियम लावू नका. आणि एक अनुभवाची गोष्ट. आमच्या कुंपणाचा एक कोपरा गल्लीतल्या दिव्याच्या उजेडात येतो. त्या कोपऱ्यातला वेल दोन वर्षं सगळ्यात शेवटी फुलला. त्याला रात्र झालीच नाही असं वाटत असणार. आता तिथे आम्ही अळू लावतो.

नावांचा घोळ मात्र आहे. पावटा, वाल, घेवडा, अवरी, चप्परदवरी. एकाच घरात दोन भाषा असल्या की बाजारातून आणायला एक सांगावं आणि यावं भलतंच. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या भोगीला यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही. अत्ती अजून सांगतात, तेवढं पुरे.

बाकीच्या भाज्यांचं सूर्याशी एवढं सख्य नाही, पण त्यांनाही थंडी कळते. बियाण्याच्या पाकिटावर दिवस लिहिलेले असतात, त्यावर मी आता डोळे झाकून दहा दिवस वाढवते. डिसेंबरात आपल्याकडे उन्हाचे तास घटतात, रात्रीचा पारा बारा-तेराच्या घरात येतो. ऑक्टोबरात रोज वाढणारं रोप डिसेंबरात दोन-दोन दिवस आहे तिथेच उभं दिसतं. ही दहा दिवसांची भर धरली नाही की हिशोब चुकतो.

वांग्याचं रोपच महिन्याभराचं हवं आणि ते हस्तातच जमिनीत गेलं पाहिजे, म्हणजे साठ-सत्तर दिवसांनी, डिसेंबरच्या मध्यावर, पहिली तोडणी मिळते. एळ्ळ अमावास्या कधी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, कधी जानेवारीत. २०२५ साली ती १९ डिसेंबरला होती. म्हणून वांग्याला उशीर परवडत नाही. गाजराला नव्वद-शंभर दिवस धरा. गाजर रोप करून लावता येत नाही, बी जागेवरच टाकायचं. बी बारीक, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून ओळीत सोडायचं आणि वर ओलं पोतं अंथरायचं. उगवायला आठ-दहा दिवस लागतात आणि तेवढ्यात माती एकदा जरी सुकली तरी ओळीत खिंडारं पडतात. आठव्या दिवसापासून रोज संध्याकाळी पोतं उचलून बघायचं, हिरवं दिसलं की काढून टाकायचं. एक दिवस विसरलं तर कोंब पिवळे आणि लांबट होतात. मग विरळणी, दोन बोटांचं अंतर. ही विरळणी करताना हात धजत नाही, पण केली नाही तर करंगळीएवढीच गाजरं खावी लागतात. ताजं शेणखत गाजराच्या वाफ्यात घालू नका, गाजराला पाय फुटतात. आमच्या तांबड्या मातीत शेणखत मागच्या वर्षीचं, पूर्ण कुजलेलं, आणि वाफा वीतभर खोल भुसभुशीत केलेला.

हरभऱ्याचं काम सोपं आणि आनंदाचं. चित्रेच्या पावसात टोकला की महिन्याभरानं शेंडे खुडायचे. त्यानं फांद्या वाढतात, घाटे जास्त धरतात, शिवाय खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते. अत्ती ती वाळवूनही ठेवतात. पहाटेच्या दवात हरभऱ्याच्या पानावर आंब येते, लेक लहान असताना पानं चाटायला धावायची. हरभऱ्याला पाणी बेतानं. लाड केले की नुसता वाढतो आणि घाटे विसरतो. वाटाणा मी आता दोनदा लावते, एकदा चित्रेच्या सुरुवातीला अमावास्येसाठी आणि पुन्हा स्वातीच्या तोंडावर भोगीसाठी. डिसेंबरअखेर त्याच्यावर भुरी येते. खालची पानं पांढरी पडलेली दिसली की लगेच काढून टाकलेली बरी.

खरा शत्रू मावा. दोन दिवस आभाळ भरून राहिलं की पावट्याच्या शेंड्यावर काळी रांग लागते. तेव्हा सकाळी दव असतानाच चुलीची राख भुरभुरायची, आणि नाही आटोपलं तर निंबोळीचा पाच टक्के अर्क, संध्याकाळी. पोह्यांना लावायचं तिखट पाण्यात कालवून फवारायचा सल्ला मला एका शेजाऱ्यांनी दिला होता. पुढचा अर्धा तास मीच शिंकत होते, मावा जागच्या जागी.

पण २०२४ च्या त्या जानेवारीत शत्रू मावा नव्हता, मी होते. भोगी चुकली म्हणून चुटपुट लागली होती. जानेवारीच्या शेवटी शेंगा भरल्या तशा मी त्या तोडल्या आणि दोनदा उसळ केली. घरात सगळ्यांनी वाखाणली. उरलेल्या शेंगांवर अळी पडली. मार्चमध्ये अत्तींनी डबा मागितला. मी वाळलेल्या शेंगा सोलून त्यांच्यासमोर ठेवल्या. डब्यात जुनं काही शिल्लक नव्हतं, मी दसऱ्याला सगळं पेरलं होतं. त्यांनी बिया एकेक करून मोजल्या. चौसष्ट. किडक्या बाजूला काढल्यावर त्रेपन्न. त्या काही बोलल्या नाहीत. राख चाळली, बी घोळलं, डब्याचं झाकण लावलं आणि आत निघून गेल्या. एकवेळ रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या वर्षीचा हस्त मी कधी नव्हे इतका मोजून पाहिला. २८ सप्टेंबर २०२४, शनिवार, कॉलेजला अर्धी सुट्टी. अत्ती खुर्चीत. वीस बिया डब्यात ठेवून द्यायच्या, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. सगळं बी एका वर्षी जमिनीत घालायचं नसतं, पाऊस काय करील सांगता येत नाही. तेहतीस टोकल्या, दीड-दीड हातावर. तिसऱ्या दिवशी धो-धो पाऊस आला आणि वाफ्यात पाणी साचलं. आम्ही दोघींनी, म्हणजे मी चर काढत आणि त्या काठीनं दाखवत, पाणी काढून दिलं. सत्तावीस उगवल्या.

त्या साली एळ्ळ अमावास्या ३० डिसेंबरला. रान नाही, बैलगाडी नाही, पण अत्तींनी सज्जी रोट्टी, एण्णगायी आणि कडबूचा घास मोडून परड्याच्या चारी कोपऱ्यांत चरग टाकला. शीगी हुण्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीला, एक आणि अमावास्येला एक, असे दोन चरग त्यांच्याकडे. लातूर-धाराशिवकडच्या मराठी घरांतही हीच अमावास्या वेळ अमावास्या म्हणून रानात जाऊन करतात, ते मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग? रान एकच की."

१३ जानेवारीला भोगीची भाजी परड्यातल्या पावट्याची झाली. पण सगळ्या शेंगांची नाही. सात वेलांना अत्तींनी लाल दोरा बांधून ठेवला होता, त्यांना कुणी हात लावायचा नाही. बी धरायचं ते उरलेल्या शेंगांतून नाही, चांगल्या वेलाच्या आधीच राखून ठेवलेल्या, मधल्या शेंगांतून. शेंग वेलावरच खडखडीत वाळू द्यायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

हे वाचून कुणाचा हस्त हुकला असेल तर चित्रा आहे. चित्राही हुकली तर पावट्याचा नाद सोडा, स्वातीत वाटाणा टाका. अधिक महिन्याच्या वर्षी दसऱ्याची वाट बघू नका. २०२६ साली ज्येष्ठ अधिक, दसरा २० ऑक्टोबरला, म्हणजे माझीच चूक करायची पुन्हा संधी. दिवाळीनंतर जाग आली तरी सगळं संपत नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर घरातले कोंब आलेले कांदे पुरले तर भोगीला पात मिळते, महिनाअखेर टाकलेला मुळा मिळतो, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात धने रगडून टाकले तर कोथिंबीर, आणि संक्रांतीच्या महिनाभर आधी मेथी. भाजीत एवढं आपलं पडलं तरी बाजारचा पावटा गोड लागतो.

आता डबा पुन्हा अर्धा भरला आहे. एका डब्यात सगळं ठेवायचं नाही, असं अत्तींनी यंदा फर्मान काढलं. तेव्हा एक पुडी धारवाडला त्यांच्या भावाच्या सुनेला गेली, एक कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना. तिसरी शहापूरला माझ्या दादाकडे. दादा अजून सोनं वाटून आल्यावरच बी टाकतो. म्हणून त्याच्या पुडीवर मी ठळक अक्षरांत लिहिलंय, 'हत्ती काढला की'. खाली अत्तींनी कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं आहे. दादाला कन्नड वाचता येत नाही. वहिनीला येतं.